वाडीच्या यादीतलं नाव : जपानच्या बर्फाळ खेड्यात एक मराठी कुटुंब

बायको पुण्यात वाढलेली, जपानी भाषेच्या परीक्षेत वरून दुसरी पातळी पार केलेली. नवरा सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचा, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला. मुलगी सात वर्षांची. हे तिघं जपानमध्ये नीगाता प्रांतातल्या तोकामाची शहराच्या हद्दीत, एका डोंगरी वाडीत राहायला गेले. नातेवाइकांचा हिशेब सरळ होता: ती शहरातली, तिला खेड्यात जड जाईल; त्याचं काय, तो गावाकडचाच. झालं उलटं. ती पावसाळ्याआधी रुळली आणि तो पहिल्याच हिवाळ्यात इतका खचला की रोज परतीच्या तिकिटाचे दर बघत बसू लागला. हे कुटुंब माझ्या चांगल्या परिचयाचं आहे. ओळख पटू नये म्हणून वाडीचं नाव दिलेलं नाही आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत.

तोकामाची हे नावाला शहर. २००५ साली आसपासची गावं त्यात विलीन झाली, त्यामुळे नगरपालिकेच्या हद्दीत डोंगरउतारावरची भातखाचरं, जंगल आणि वीस-पंचवीस घरांच्या वाड्याही येतात. टोकियोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, एचिगो-युझावा स्थानक, तिथून होकुहोकु मार्गावरची लहान गाडी, असं दोन तासांत पोचता येतं. पण तोकामाचीची खरी ओळख बर्फाची. सायबेरियाकडून येणारे थंड वारे मधल्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि इथल्या डोंगरांना अडून ते सगळं बर्फाच्या रूपाने टाकतात. माणूस बुडेल एवढा थर बहुतेक हिवाळ्यांत साचतो. १९४५ च्या फेब्रुवारीत तो सव्वाचार मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे.

बायको आधी दोन वर्षं टोकियोत एकटीच होती, निशी-कासाइ भागात, जिथे भारतीय कुटुंबं बरीच. तिथून ती एका सरकारी योजनेतून वाडीत आली. २००९ साली जपानने ही योजना सुरू केली: शहरातल्या माणसाने ओस पडत चाललेल्या खेड्यात जाऊन राहायचं, तिथल्या कामाला हातभार लावायचा, आणि नगरपालिकेने त्याला साधारण तीन वर्षांपर्यंत पगार द्यायचा. तिचं काम एचिगो-त्सुमारी कला महोत्सवाशी जोडलेलं. २००० साली सुरू झालेला आणि दर तीन वर्षांनी भरणारा हा महोत्सव ७६० चौरस किलोमीटरच्या टापूत, शेतात, रिकाम्या घरांत आणि बंद पडलेल्या शाळांत मांडलेला असतो. परदेशी पाहुण्यांना फिरवणं, माहितीपत्रकं लिहिणं, बंद शाळेच्या देखभालीत मदत करणं, हा तिचा दिवस. नवरा आणि मुलगी एप्रिलमध्ये पुण्याहून थेट इथे आले. त्याचा व्हिसा बायकोवर अवलंबून असलेल्याचा. वेगळी परवानगी काढली तरी आठवड्याला २८ तासांपलीकडे काम करता येत नाही, आणि भाषा येत नसलेल्या माणसाला तेवढंही काम वाडीत कोण देणार?

म्हणजे तिघांपैकी दोघींना पहिल्या आठवड्यापासून दिवसाचा आराखडा होता. मुलीला शाळा होती, पाठीवर जाडजूड दप्तर आणि दप्तराला अस्वलं दूर राहावीत म्हणून घंटा. तिला कुणी विचारलंच नाही की तुला जमतंय का. वर्ग झाडायचा, जेवण वाढायचं, ताटल्या गोळा करायच्या, हे तिच्या वाट्याला आलं आणि ती कामाला लागली. दिवाळीपर्यंत ती तिथल्या बोलीत बोलायला लागली होती. त्याला मात्र काहीच नव्हतं.

सुरुवातीच्या अडचणी नेहमीच्याच. कचऱ्याचं उदाहरण पुरे. जळणारा, प्लास्टिक, डबे, काच असं वेगळं करायचं, ठरलेल्या पिशव्या विकत आणायच्या, ठरलेल्या वारी सकाळी सामायिक जागेवर ठेवायच्या, त्या जागेची सफाईही पाळीपाळीने करायची. त्याची पहिली पिशवी गाडीने उचललीच नाही. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. संध्याकाळी शेजारच्या आजींनी ती पिशवी स्वतः उघडून, निवडून, नीट बांधून दारात आणून ठेवली. तो म्हणाला, "आता काय खाल्लं, काय टाकलं, हेपण गाव बघणार." ती म्हणाली, त्यांनी मदत केली. मला वाटतं दोघांचंही बरोबर होतं. अशा वाडीत मदत आणि पाळत एकाच हाताने होते. त्यातली एक ठेवून दुसरी नाकारता येत नाही, आणि सातारा जिल्ह्यातल्या गावातही हे काही वेगळं नसतं. फरक एवढाच की तिथे तो बघणाऱ्यांत होता.

शेजार मात्र कंजूष नव्हता. सकाळी दार उघडलं की उंबऱ्याशी काकड्या, वांगी, मुळा. कुणी ठेवलं ते कळत नसे. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे त्याला शिकवावं लागलं नाही. बेसनाचे लाडू गेले, ते आवडले. भरली वांगी गेली, ती बहुधा तिखट लागली असावीत, कारण त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. खाण्याचा खरा पेच तिचा होता, ती शाकाहारी. इथे भाजीपासून सूपपर्यंत सगळ्यात सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी असतं आणि 'मासा नको' असं सांगितलं तरी ते पाणी माशात मोजलं जात नाही. तिने घरचा डबा न्यायला सुरुवात केली, बाहेर जेवताना भात, लोणचं, तळलेली रानभाजी यांवर भागवलं आणि विषय संपवला. मुलीने शाळेत सगळं खायचं ठरवलं. त्यावरून पुण्याच्या आजीशी झालेला वाद इथे सांगण्यासारखा नाही.

आता मे महिन्यातल्या एका रविवारकडे यावं लागेल. या भागात वर्षातून काही वेळा अख्खी वाडी मिळून रस्त्याकडेचं गवत कापते, पाण्याचे पाट उपसते, बर्फाने ढासळलेल्या कडा सावरते. प्रत्येक घरातून एक माणूस यायचाच. न आल्यास दंडासारखी ठरावीक रक्कम भरायची. आदल्या आठवड्यात वाडीचे प्रमुख घरी आले आणि तिला म्हणाले, तुमचे यजमान नवीन आहेत, भाषाही येत नाही, यंदा त्यांनी यायची गरज नाही, पैसेही नकोत. तिने आभार मानले. तिला यात फक्त सौजन्य दिसलं.

त्या रविवारी तो वरच्या मजल्याच्या खिडकीतून सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं फावड्याने गाळ काढताना बघत होता. हा माणूस कोण? २०१६ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता आणि त्याच तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. त्या उन्हाळ्यात सुट्ट्या टाकून गावी चर खणणाऱ्यांत हाही होता. फावडं कसं धरायचं हे सांगायला त्याला भाषेची गरज नव्हती. पण खाली उतरून हातात फावडं घेतलं असतं तर प्रमुखांचा शब्द मोडल्यासारखं झालं असतं. तो बसून राहिला. नंतर मला म्हणाला, "लग्नाला आलेल्या पाहुण्याला कसं खुर्चीवर बसवून ठेवतात, तसं झालं. फक्त लग्न संपेचना."

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. भाषा, जेवण, थंडी यांवर उपाय असतात आणि बहुतेक सल्ले त्यांच्याभोवतीच फिरतात. पण खेडं परक्या माणसाला आत घेतं ते कामाच्या वाटणीतून. जोवर तुमच्यावर वाडीचं काही देणं नाही, तोवर तुम्ही कितीही लाडके असलात तरी बाहेरचे. पुण्याच्या सोसायटीत वर्षभराचा देखभाल खर्च भरला की कर्तव्य संपतं. इथे पैसे भरणं हा न येण्याचा दंड आहे.

शरद ऋतूत ती त्याला आणि मुलीला मिथिला संग्रहालयात घेऊन गेली. तोकामाचीच्याच हद्दीत, ओइके नावाच्या भागात, एका बंद शाळेच्या इमारतीत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली ते उभारलं. मधुबनीतली चित्रं तर आहेतच, शिवाय डहाणू भागातल्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रंही आहेत. जपानच्या जंगलात मराठी मुलखातली भातलावणी भिंतीवर बघून मुलगी हरखली. तो मात्र गप्प होता, कारण तिथे जाण्याआधी त्याने जनगढ सिंह श्याम यांच्याबद्दल वाचलं होतं. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा हा मोठा गोंड चित्रकार तिथे पाहुणा कलाकार म्हणून आला होता. ३ जुलै २००१ रोजी तिथेच त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या मृत्यूच्या कारणांवर बरंच लिहिलं गेलं आहे आणि मला त्यात भर घालायची नाही. पण तारीख बघा, जुलै आहे. बर्फाचा मागमूस नसताना. परक्या खेड्यातल्या एकटेपणाचं सगळं खापर हवेवर फोडायची आपली सवय असते, ती इथे टिकत नाही.

नोव्हेंबरात तळमजल्याच्या खिडक्यांवर आडव्या फळ्या ठोकल्या गेल्या, बर्फाच्या दाबाने काचा फुटू नयेत म्हणून. घरात दुपारीही दिवा. डिसेंबरअखेर पडलेला बर्फ वितळलाच नाही, त्यावर पुढचा पडत गेला. एकच गाडी, ती बायकोच्या कामाला. दुकान गाडीशिवाय दूर. आंतरराष्ट्रीय परवाना फार तर वर्षभर चालतो आणि जपानी परवान्याच्या गाडी चालवण्याच्या चाचणीत तो नापास झाला होता. ही चाचणी मजेशीर आहे: वीस वर्षं पुणे-सातारा रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस वळताना मान पुरेशी वळवली नाही म्हणून बाद होतो. बाहेर कट्टा नाही, पार नाही, चहाची टपरी नाही. माणसं छोट्या पांढऱ्या ट्रकमधून जातात, हात वर करतात, पुढे जातात.

त्याचं खरं जग फोनमध्ये सरकलं. जपानचं घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे. गावी रात्री नऊला सगळे मोकळे व्हायचे तेव्हा इथे साडेबारा वाजलेले. मग दोनपर्यंत बोलणं, सकाळी दहाला उठणं, रॉकेलच्या हीटरसमोर बसून राहणं. दर तीन तासांनी हीटर आपोआप बंद पडायचा तेव्हा उठायचं. अंघोळ टळायला लागली. मुलीवर ओरडणं वाढलं, आणि त्याला एक विशेष कारण होतं. वाडीतलं कुणी दारात आलं की त्याच्या वतीने मुलगी बोलायची. सात वर्षांची पोर बापाला सांगते की हे काय म्हणताहेत, आणि बाप मान डोलावतो. घरातला मोठा कोण, हेच उलटंपालटं होतं. स्थलांतरित कुटुंबांत हे सर्रास घडतं आणि लोक त्याचं कौतुक करतात, 'किती हुशार आहे बघा'. मला ते मुलावरचं ओझं वाटतं. पुढे बायकोने नियम केला: डॉक्टर, कचेरी आणि भांडण या तीन ठिकाणी मुलगी दुभाषी होणार नाही. माझ्या मते हा त्या घरातला सर्वांत शहाणा निर्णय होता.

जानेवारीत तिने नगरपालिकेतल्या आरोग्य परिचारिकेला गाठलं. जपानमध्ये गावोगाव अशा परिचारिका नेमलेल्या असतात. त्या आजारी नसलेल्यांच्याही घरी जातात, लसीकरणापासून म्हाताऱ्यांच्या एकटेपणापर्यंत सगळं बघतात. ही बाई दोनदा आली. तिने मोठं काही केलं नाही. आधी झोपेची वही ठेवायला लावली. मग म्हणाली, फोन बंद करू नका, वेळ बदला. इथले सकाळचे साडेनऊ म्हणजे गावचे सहा. त्याची आई तेव्हा उठलेलीच असते, चुलीपाशी. "अरे, एवढ्या सकाळी? बरा आहेस ना?" हे आठवडाभर ऐकावं लागलं, मग सवय झाली. डोकं फिरलेल्यांनीच डॉक्टरकडे जायचं असतं, ही त्याची समजूत मात्र तिला बदलता आली नाही आणि औषधापर्यंत गोष्ट गेलीच नाही. जिथे खिन्नता याहून खोल असेल तिथे एवढ्यावर थांबणं चुकीचं ठरेल.

फेब्रुवारीत शेजारचे आजोबा एकटेच छपरावर बर्फ ओढताना त्याला दिसले. हे समजायला थोडा हिशेब हवा. दबलेला बर्फ घनमीटरला तीनशे किलो सहज भरतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावर मीटरभर बर्फ साचला तर तीस टन. तो वेळेवर उतरवला नाही तर जुनं लाकडी घर बसतं. म्हणून प्रत्येक हिवाळ्यात तीन-चारदा, वाईट वर्षी त्याहून जास्त वेळा, वर चढावं लागतं. छपरावरून पडून किंवा घसरून आलेल्या बर्फाखाली सापडून जपानमध्ये दर हिवाळ्यात माणसं मरतात, आणि त्यांतली बहुतेक पासष्टीच्या पुढची असतात.

तो शिडी लावून तसाच वर गेला. डोक्यावर कानटोपी, कमरेला दोर नाही. आजोबा त्याच्यावर ओरडले. नुसते रागावले नाहीत, हात नाचवून, तोंड लाल होईपर्यंत ओरडले. त्यातला 'मूर्ख' एवढाच शब्द त्याला कळला. त्याला खाली उतरवलं, हेल्मेट दिलं, दोर बांधला, शिडीचं वरचं टोक बांधून दाखवलं आणि मग दोघं पुन्हा वर गेले. संध्याकाळपर्यंत त्याला दोन मुठींचं रुंद पत्र्याचं सुपडं ढकलता यायला लागलं. त्या सुपड्याला तिथे लाडाने 'मामासान डंप' म्हणतात. रात्री तो बायकोला सांगत होता की दहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर ओरडलं. तो खूश होता.

हा चमत्कार समजू नये. त्यानंतरही मार्चभर तो अधूनमधून दिवसदिवस अंथरुणात असायचा. पण आजोबांनी प्रमुखांना काहीतरी सांगितलं असणार, कारण एप्रिलमध्ये घरोघर फिरणारी सूचनांची फळी आली तेव्हा पाट उपसायच्या यादीत त्याचं नाव होतं, आणि न आल्यास भरायची रक्कमही, इतरांइतकीच. तिला मी नंतर विचारलं, हे पहिल्याच वर्षी तूच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, मला वाटलं मी त्याला वाचवतेय. मी तिला दोष देणार नाही. पण जी माणसं जोडीदाराला घेऊन अशा ठिकाणी जातात त्यांनी सवलत नाकारायला शिकावं, असं मी स्पष्ट म्हणेन. 'भाषा येत नाही, पण फावडं येतं' हे वाक्य जपानीत पाठ करून द्या आणि त्याला त्या रविवारी पाठवा.

दुसऱ्या वर्षी त्याने खाचरांच्या बांधावरचं गवत कापायचं यंत्र हाताळायला घेतलं. बांध तीव्र उताराचे, म्हातारे तिथे घसरतात, त्यामुळे त्याला मागणी आली. मोबदला पैशात क्वचित, बहुधा तांदळात. हा भाग नावाजलेल्या कोशिहिकारी तांदळाचा आहे, तेव्हा तक्रार नव्हती. त्याने मागच्या तुकड्यात मेथी आणि कोथिंबीर लावली. कोथिंबिरीला वाडीने नाक मुरडलं, मेथीला मात्र रानभाजीसारखं तीळ-सोयासॉस लावून स्वीकारलं. तिसऱ्यांदा तो परवान्याची चाचणी पास झाला. पंधरा जानेवारीला तोकामाचीच्याच हद्दीतल्या मात्सुनोयामाला नवऱ्यामुलाला बर्फाच्या कड्यावरून खाली फेकण्याचा आणि मग होळीसारख्या आगीची राख बर्फात कालवून एकमेकांच्या तोंडाला फासण्याचा सण असतो. तिथून काळ्या तोंडाने काढलेला त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर गेला, खाली लिहिलेलं: धुळवड, उणे दोन.

तिची बाजू या सगळ्यात झाकली जाते, म्हणून थोडं. ती लवकर रुळली हे खरं, पण ती कधीच सुट्टीवर नसते. वाडीला ती नगरपालिकेची माणूस वाटते आणि नगरपालिकेला वाडीची. रविवारी सकाळी फोन येतो, कुणाचं कागदपत्र वाचायचं असतं, कुठल्या वर्तमानपत्राला साडी नेसलेला फोटो हवा असतो. त्याला कामाचा तुटवडा होता, तिला कामाचा पूर आहे. परक्या खेड्यात दोघांना एकाच मापाने काम मिळत नाही आणि ते आपोआप समतोलही होत नाही. वाडीतल्या लोणच्याच्या गटातून तिने अलीकडे नाव काढून घेतलं. त्यावर दोन बायका अजून तिच्याशी तुटक बोलतात.

तिची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. तिला टोकियोशेजारच्या साइतामामध्ये भाषांतराची पक्की नोकरी मिळते आहे. त्याला वाडी सोडायची नाही. मुलीच्या शाळेत मुलं इतकी कमी की ती शेजारच्या शाळेत विलीन होईल अशी बोलवा आहे. बायको आठवडाभर तिकडे आणि शनिवार-रविवार इकडे, असा एक प्रस्ताव घरात चालू आहे. शिनकानसेनचं भाडं मांडून बघितल्यावर तो डळमळला आहे. शिवाय त्याचा व्हिसा तिच्यावर अवलंबून असताना दोघांनी वेगवेगळ्या पत्त्यांवर राहिलं तर मुदत वाढवताना प्रश्न विचारले जाऊ शकतात, म्हणून त्यांनी आधी कायद्याच्या जाणकाराला भेटायचं ठरवलं आहे. हिवाळ्याच्या कामांची यादी ऑक्टोबरात ठरते. प्रमुखांनी विचारलं आहे, तुमचं एक घर धरू का?